जहाजभाडे, संगनमत आणि स्पर्धेचा कायदा

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली या गावांच्या परिसरात लघुउद्योगांच्या गाळ्यांची दाटी आहे. यंत्रांचे सुटे भाग, प्लॅस्टिकच्या वस्तू, वेष्टनाचे साहित्य असा नाना प्रकारचा माल तेथे तयार होतो आणि त्यांतील काही माल परदेशी जातो. तो ट्रकवर चढतो, महामार्गाने घोडबंदर-ठाण्यावरून न्हावा-शेव्यास पोचतो आणि तेथून जहाजावर जातो. या प्रवासातील पहिल्या टप्प्याचे भाडे ठरविताना कारखानदार चार ट्रकमालकांशी घासाघीस करतो. दुसरा टप्पा कित्येक हजार मैलांचा असतो. तेथे मात्र फॉरवर्डर, म्हणजे माल रवाना करून देणारा मध्यस्थ, जो आकडा सांगेल तो त्यास बहुधा मान्य करावा लागतो. मूळ भाड्याखेरीज इंधन अधिभार, बंदरावरील हाताळणीचा आकार, कंटेनर अधिक दिवस ठेवल्याचा आकार अशी पुरवणी यादीही असते.

रस्त्यावर असलेली स्पर्धा समुद्रावर का आढळत नाही, हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातील वाढवण येथे देशातील एक अतिविशाल बंदर उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. बंदर जवळ आले म्हणजे जहाजभाडे आपोआप उतरेल, अशी समजूत गावोगावी ऐकू येते. ती कितपत खरी आहे, हे ठरविण्यापूर्वी जहाज कंपन्यांचे परस्परसंबंध कसे असतात आणि कायदा त्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, याची माहिती करून घेणे इष्ट होईल.

समुद्र सर्वांना मोकळा असला तरी त्यावरील व्यापार मोकळा असतोच असे नाही, ही गोष्ट वसईच्या इतिहासातच नोंदलेली आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा व पोर्तुगीज यांच्यात झालेल्या वसईच्या तहान्वये, तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईहून निघावे, परतताना वसईसच यावे व तेथे जकात भरावी असे ठरले. अन्यत्र जाणाऱ्या जहाजांनी पोर्तुगीजांचा परवाना घ्यावयाचा होता. हा परवाना म्हणजेच ‘कार्ताझ’. त्याहून कितीतरी जुना दाखला इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. त्यात सोपाऱ्याचा बंदर म्हणून उल्लेख येतो आणि पुढेच कल्याणविषयी असे सांगितले आहे, की तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. कोणाचा माल कोणत्या बंदरी उतरावा, हे त्या काळी राजसत्ता ठरवीत असे. एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली आणि हे काम कंपन्यांच्या करारांकडे गेले.

दरमंडळांचा उदय

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मार्गाने जाणारी जहाजसेवा चालविणे हा मोठा खर्चिक व्यवसाय होय. जहाज भरलेले असो वा अर्धे रिकामे, कोळसा तेवढाच जळतो व खलाशांचा पगारही तोच राहतो. त्यामुळे दोन कंपन्या एकाच मार्गावर समोरासमोर आल्या की रिकामी जागा भरण्यासाठी दर उतरवीत जातात आणि काही महिन्यांत दोघींचाही तोटा होतो. यावर उपाय म्हणून कंपन्यांनी एकत्र बसून दर व फेऱ्या ठरविण्यास प्रारंभ केला. इंग्लंड-कलकत्ता मार्गावर १८७५ मध्ये स्थापन झालेले मंडळ हे या प्रकारचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. अशा मंडळास ‘कॉन्फरन्स’ असे म्हणत. आपण त्यास दरमंडळ म्हणू.

दरमंडळाचे खरे सामर्थ्य मागाहून मिळणाऱ्या सवलतीत होते. मँचेस्टरहून कलकत्त्यास येणाऱ्या कापडाच्या बाबतीत ही पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली. व्यापाऱ्याने भाडे पूर्ण भरावयाचे. त्यातील काही भाग त्याच्या नावे जमा राहावयाचा. पुढील ठराविक महिने त्याने मंडळाबाहेरच्या जहाजातून एकही गाठोडे पाठविले नाही, तरच ती रक्कम त्याच्या हाती पडावयाची. एकदा बाहेरचे जहाज वापरले की साऱ्या साठलेल्या पैशावर पाणी सोडावे लागे. नवीन कंपनीने कितीही स्वस्त दर देऊ केला तरी व्यापारी तिच्याकडे वळण्यास धजत नसे, ते यामुळेच. अमेरिकेने १९१६ च्या जहाजवाहतूक कायद्यान्वये या पद्धतीस बंदी घातली. ब्रिटनमध्ये मात्र १८९१ मध्ये मोगल स्टीमशिप कंपनीच्या खटल्यात, चीनच्या चहाच्या व्यापारातून तिला हुसकून लावणाऱ्या मंडळाचे वर्तन बेकायदेशीर नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायपीठाने दिला होता.

मुंबईतील भाडेयुद्ध

त्यानंतर दोन वर्षांतच मुंबईत याच स्वरूपाचा संघर्ष उभा राहिला. मुंबईहून चीन-जपानकडे सूत व कापूस वाहून नेण्याचे काम पी. अँड ओ., ऑस्ट्रियन लॉइड व एक इटालियन कंपनी यांच्या मंडळाकडे होते. भारी दरांमुळे गिरणीमालक त्रस्त होते. जमशेटजी टाटा यांनी १८९३ मध्ये जपानला जाऊन निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी बोलणी केली. त्या कंपनीची मुंबईपर्यंतची सेवा त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झाली. टाटांनी आपल्या बाजूने ‘ॲनी बॅरो’ व ‘लिंडिसफार्न’ ही इंग्लिश जहाजे भाड्याने घेऊन ‘टाटा लाइन’ चालविली. दर टनामागे १२ रुपये ठेवण्यात आला.

मंडळाने याला दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. टनामागे १७ रुपयांहून कमी नसलेला आपला दर त्याने उतरवीत उतरवीत दीड रुपयावर आणला. दीड रुपयात कोळशाचाही खर्च निघत नव्हता, हे सांगावयास नको. परंतु ज्या कंपनीची जहाजे अन्य दहा मार्गांवर नफा मिळवीत होती, तिला एका मार्गावर तोटा सोसणे शक्य होते. टाटांना ते शक्य नव्हते. आपले ‘लिंडिसफार्न’ हे जहाज कापूस वाहून नेण्यास योग्य नाही, अशी कुजबुज विमा कंपन्यांत पसरविली जात असल्याची तक्रारही त्यांनी सरकारकडे केली. तिचा उपयोग झाला नाही. ज्यांच्या हितासाठी हा उपद्व्याप आरंभिला होता, ते मुंबईचे व्यापारी एकेक करून स्वस्त दराकडे वळले. अखेर टाटा लाइन बंद करावी लागली. त्यानंतर दर पुन्हा वर चढले.

जपानकडील बाजू मात्र टिकली. तेथील सूतगिरण्यांच्या संघाने आपला सर्व कापूस निप्पॉन युसेन काइशाच्याच जहाजांतून आणण्याचा करार केला होता आणि तो पाळला. भाडे दीड रुपयावर आले असताना करार पाळणे ही सोपी गोष्ट नव्हती. १८९६ मध्ये मंडळास त्या कंपनीशी तडजोड करून तिला आपल्यात सामावून घ्यावे लागले. एकाच लढाईची ही दोन टोके आहेत. मुंबईत माल पाठविणारे विखुरलेले होते, जपानात ते संघटित होते. दोन्ही ठिकाणच्या निकालातील फरक प्रामुख्याने येथूनच आला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या वाट्यासही हाच अनुभव आला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांचे सहकारी यांनी ती १९१९ मध्ये स्थापन केली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले; हाच दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. तथापि परदेशी मार्गावरील मंडळात तिला प्रवेश मिळाला नाही. किनारी व्यापारात ब्रिटिश इंडिया कंपनीने दर पाडून तिला जेरीस आणले आणि १९२३ च्या दहा वर्षांच्या कराराने तिच्या जहाजांच्या टनक्षमतेवर व कार्यक्षेत्रावर मर्यादा घालण्यात आली. शाळांतून नौकानयन दिन साजरा करताना ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाबरोबर या कराराचीही माहिती विद्यार्थ्यांना द्यावयास हरकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय कंपन्यांना दरमंडळांत स्थान मिळाले. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने १९७४ मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेने व्यापार करणाऱ्या दोन देशांच्या कंपन्यांना प्रत्येकी चाळीस टक्के व तिऱ्हाइतांना वीस टक्के माल असे सूत्र मांडले. भारताने १९७८ मध्ये तिचा स्वीकार केला व १९८३ मध्ये ती अमलात आली. व्यवहारात तिचा प्रभाव मर्यादितच राहिला. युरोपीय संघाने १८ ऑक्टोबर २००८ पासून दरमंडळांना दिलेले कायदेशीर संरक्षण काढून घेतले आणि युरोपच्या मार्गांवर ती संपुष्टात आली.

जागेची भागीदारी व दरांचे संगनमत

दरमंडळे गेली तरी कंपन्यांची एकत्र येण्याची गरज गेली नाही. न्हावा-शेव्याहून युरोपकडे दर आठवड्यास एक जहाज सोडावयाचे, तर जाण्या-येण्याचा काळ धरून एकाच मार्गावर मोठ्या जहाजांची एक मालिकाच गुंतवावी लागते. एका कंपनीस हे झेपत नाही. म्हणून तीन-चार कंपन्या आपापली जहाजे देतात आणि प्रत्येक जहाजावरील कंटेनरच्या जागा आपसांत वाटून घेतात. गिऱ्हाईक मात्र प्रत्येकीने स्वतः मिळवावयाचे व दरही स्वतंत्रपणे ठरवावयाचा. याला जहाज-सामायिकी करार म्हणता येईल. वसई आगाराच्या एका एस.टी. गाडीत चार प्रवासी-संस्थांनी दहा-दहा आसने राखून ठेवावीत आणि प्रत्येकीने आपले तिकीट आपल्या दराने विकावे, असा हा प्रकार आहे.

यात स्पर्धेस बाध येतो काय? दर वेगवेगळे ठरत असतील तर वरकरणी येत नाही. उलट लहान कंपनीसही साप्ताहिक सेवा देता येते. परंतु जे एका टेबलाशी बसून जहाजांच्या जागा वाटतात, त्यांना त्याच टेबलाशी दरांविषयी बोलणे अवघड नसते. किती जहाजे सोडावयाची हे एकत्र ठरले की भाड्यावर त्याचा परिणाम होतो तो वेगळाच. आज जगातील कंटेनर जहाजांच्या क्षमतेपैकी चार-पंचमांशाहून अधिक क्षमता दहा कंपन्यांच्या हाती आहे. त्यांतील बहुतेकींचे परस्परांशी असे करार आहेत.

भारतात स्पर्धा अधिनियम, २००२ मधील या संदर्भातील प्रमुख तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आल्या आणि १९६९ चा मक्तेदारी प्रतिबंधक कायदा त्याच वर्षी रद्द झाला. नव्या कायद्याच्या कलम ३ अन्वये दर ठरविणे, पुरवठा मर्यादित करणे, बाजार वा गिऱ्हाइके वाटून घेणे आणि निविदांत संगनमत करणे हे स्पर्धेस बाधक असल्याचे गृहीत धरले जाते. कलम ४ प्रबळ स्थानाच्या गैरवापराविषयी आहे. कलम ३२ प्रमाणे करार परदेशात झालेला असला व कंपनी परदेशी असली, तरी त्याचा परिणाम भारतातील बाजारावर होत असल्यास भारतीय स्पर्धा आयोगास चौकशी करता येते. जहाज-वाहतुकीच्या बाबतीत या शेवटच्या कलमाचे महत्त्व किती, हे वेगळे सांगावयास नको.

जहाज-सामायिकी करारांना केंद्र शासनाने ११ डिसेंबर २०१३ च्या अधिसूचनेने कलम ३ मधून प्रथम एक वर्षासाठी सूट दिली. तिला पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळाली व जुलै २०१८ मध्ये ती तीन वर्षांसाठी देण्यात आली. ती मुदत जुलै २०२१ मध्ये संपली. ही सूट सरसकट नव्हती. दर ठरविणे, क्षमता वा विक्री मर्यादित करणे आणि बाजार वा गिऱ्हाइकांची वाटणी या गोष्टी तिच्या बाहेर ठेवण्यात आल्या होत्या आणि कराराच्या प्रती नौवहन महासंचालनालयाकडे सादर करण्याचे बंधन होते. जागा वाटून घ्या, दर वाटून घेऊ नका, असा त्या अधिसूचनेचा थोडक्यात अर्थ. युरोपीय संघानेही अशा करारांस दिलेली सामूहिक सूट २५ एप्रिल २०२४ नंतर पुढे चालू ठेवली नाही. चीनने तर जून २०१४ मध्ये जगातील तीन सर्वांत मोठ्या कंटेनर कंपन्यांची नियोजित युती, अमेरिकेच्या नियामक आयोगाने तिला हरकत घेतली नसतानाही, नामंजूर केली होती.

जानेवारी २०२२ चा आदेश

संगनमत हे केवळ पुस्तकी भय नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० जानेवारी २०२२ रोजी मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या चार जपानी जहाज कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. मोटार उत्पादक परदेशी गाड्या पाठविण्यासाठी निविदा मागवीत. ज्या कंपनीकडे एखाद्या उत्पादकाचे काम पूर्वीपासून आहे, तिच्या वाट्यास इतरांनी जावयाचे नाही, असा अलिखित नियम या कंपन्यांनी आपसांत पाळल्याचे चौकशीत आढळून आले. त्याला त्यांनी ‘आदराचा नियम’ असे गोंडस नाव दिले होते. दुसऱ्याचे गिऱ्हाईक तोडावयाचे नसले की मुद्दाम चढा दर द्यावयाचा किंवा दरच द्यावयाचा नाही. यासाठी बैठका, ई-मेल व दूरध्वनी यांवरून माहितीची देवघेव होत असे.

आयोगाने के-लाइनला २४.२३ कोटी, एम.ओ.एल.ला १०.१२ कोटी व निस्सान मोटर कार कॅरियर कंपनीस २८.६९ कोटी रुपये दंड केला. चौथ्या कंपनीस दंड झाला नाही, कारण तिने प्रथम पुढे येऊन माहिती दिली होती. कायद्याच्या कलम ४६ मध्ये अशी तरतूद आहे, की संगनमतातील जो सहभागी आधी येऊन पूर्ण व खरी माहिती देईल त्याचा दंड कमी वा संपूर्ण माफ करता येतो. त्यान्वये तिला शंभर टक्के, एम.ओ.एल.ला पन्नास व निस्सानच्या कंपनीस तीस टक्के सवलत मिळाली. ही चौथी कंपनी म्हणजे निप्पॉन युसेन काइशा. १८९३ मध्ये जी मंडळाची तटबंदी फोडण्यासाठी मुंबईस आली, तीच सव्वाशे वर्षांनंतर संगनमताच्या प्रकरणात आयोगापुढे आली व तिच्याच माहितीने प्रकरण सिद्ध होण्यास साह्य झाले.

येथे एक सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. भाडे वाढले म्हणजे संगनमत झालेच, असे म्हणता येत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात ४० फुटी कंटेनरचे जागतिक सरासरी भाडे १०,००० डॉलरच्या वर गेले. २०१९ च्या सरासरीच्या ते सातपट होते. साथीच्या काळात बंदरे तुंबली, रिकामे कंटेनर चुकीच्या ठिकाणी अडकले व मागणी एकाएकी वाढली, ही त्याची मुख्य कारणे होती. अमेरिकेच्या आयोगाने केलेल्या दीर्घ चौकशीचा निष्कर्षही सर्वसाधारणपणे असाच होता. पुढे दर कोसळले, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. तक्रारीस आधार हवा तो भाड्याच्या आकड्याचा नव्हे, तर कंपन्यांमधील समझोत्याचा. उलटपक्षी, अत्यंत स्वस्त भाडे हे नेहमीच स्पर्धेचे लक्षण नसते. दीड रुपयाचा दर हा स्पर्धा संपविण्यासाठीच होता.

वाढवणचे बंदर व स्पर्धेचा प्रश्न

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजूर केलेल्या वाढवण बंदराचा खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये असून त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के व महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. प्रत्येकी १,००० मीटर लांबीचे नऊ कंटेनर धक्के तेथे नियोजित आहेत. पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. मच्छीमार, बागायतदार व डायमेकर यांच्या हरकती आणि डहाणूच्या पर्यावरणाचा प्रश्न हे गंभीर विषय आहेत. त्यांना येथे ओझरता स्पर्श करणे योग्य होणार नाही, म्हणून ते बाजूस ठेवले आहेत.

स्पर्धेच्या दृष्टीने पाहता नऊ धक्के बांधले जाणे ही एक बाब आणि ते नऊ कोणाच्या हाती जातात, ही दुसरी बाब होय. धक्क्यांचे काम खाजगी सहभागातून व्हावयाचे आहे. न्हावा-शेव्याचे उदाहरण समोर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या त्या बंदरात आज निरनिराळे चालक आहेत. त्यांतील एका धक्क्याचे चालक डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहातील आहेत, तर दुसऱ्या एका धक्क्यात फ्रान्सच्या सी.एम.ए. सी.जी.एम. समूहाची भागीदारी आहे. जहाजही ज्याचे व धक्काही त्याचाच, अशा स्थितीत काम जलद होते हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या जहाजास धक्का देताना समान वागणूक मिळते की नाही, याची देखरेख करावी लागते. एकाच गटाकडे किती धक्के असावेत, आकार कसे जाहीर व्हावेत, लहान जहाजांना जागा कशी मिळावी, हे करार करतानाच ठरवावे लागते. तीस वर्षांचा करार झाल्यावर त्यात पालट करणे दुष्कर असते.

लहान निर्यातदार काय करू शकतो

वालीवच्या कारखानदाराचा माल अनेकदा पूर्ण कंटेनरइतकाही नसतो. एकट्याने भाड्याविषयी बोलण्याची त्याची ताकद नाही. मात्र पंधरा-वीस कारखानदारांनी आपला माल एकत्र करून वर्षभराचे कंटेनर एकदम बोलीस काढले, तर त्यांच्याशी बोलावयास जहाज कंपनीचा प्रतिनिधी वसईस येईल. माल पाठविणाऱ्यांचे असे एकत्र येणे हेही संगनमतच ठरेल काय, अशी शंका काहींना येते. कलम ३ च्या उपकलम (५) मध्ये, केवळ निर्यातीसाठी असलेल्या वस्तूंचा पुरवठा वा सेवांविषयीच्या करारांना त्या मर्यादेत मोकळीक आहे. करार करण्यापूर्वी त्याचा मसुदा जाणकारास दाखवावा, हे इष्ट. मुंबईत वेस्टर्न इंडिया शिपर्स असोसिएशन ही निर्यातदारांची संस्था पूर्वीपासून कार्यरत आहे. गावपातळीवरील औद्योगिक संघटनांनी तिच्याशी संपर्क ठेवण्यासारखा आहे.

तक्रारीच्या बाबतीत कायदा उदार आहे. कलम १९ अन्वये कोणतीही व्यक्ती, ग्राहक किंवा व्यापारी संघटना विहित शुल्क भरून आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. राज्य शासनास अथवा कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणासही प्रकरण आयोगाकडे पाठविता येते, ही तरतूद अधिकारी वर्गाने ध्यानात ठेवावी. तक्रारदारास स्वतः उपस्थित राहून बाजू मांडण्याची मुभा आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मात्र घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती दाखल करणे आवश्यक झाले आहे. विलंबास सबळ कारण असल्यास आयोग तो क्षमापित करू शकतो.

अडचण बहुधा कागदांची येते. फॉरवर्डरने दिलेला दर तोंडी असतो, अधिभाराची यादी माल गेल्यावर येते आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाची मालपावती, बँकेच्या फायलीत पडून राहते. दर प्रत्येक वेळी लेखी मागवावा, किमान तीन ठिकाणांहून मागवावा, नकार मिळाल्यास तोही लेखी घ्यावा आणि कोणत्या तारखेस कोणत्या कंपनीने कोणता अधिभार लावला याची एक वही ठेवावी. तीन कंपन्यांनी एकाच आठवड्यात एकच अधिभार एकाच आकड्याने लावला, ही गोष्ट एका कारखानदाराच्या वहीत योगायोग वाटेल. वीस कारखानदारांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर ती चौकशीस पात्र आहे की नाही, हे आयोगास ठरविता येईल.